रिकाम्या जाळ्याचा शॉट

आमच्या सिनेमाला शेवट नव्हता आणि तुळशीचं लग्न दुसऱ्या दिवसावर आलं होतं. या दोन गोष्टींचा संबंध आमच्या किनाऱ्यावर कोणाला समजावून सांगावा लागला नसता, पण इथे सांगतो. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात. माणसांची लग्नं सुरू झाली की मालवणातल्या माझ्या फोटोग्राफर मित्राचा व्हिडिओ कॅमेरा थेट पावसाळ्यापर्यंत मोकळा होत नाही. त्याच सुमाराला गावोगावच्या जत्रा लागतात आणि दशावताराची मंडळी बाहेर पडतात. आमचा हीरो दशावतारातला. म्हणजे कॅमेरा आणि हीरो दोघेही एकदमच जाणार होते, आणि सिनेमातला सगळ्यात महत्त्वाचा, शेवटचा प्रसंग अजून घ्यायचा होता.

मी तेव्हा गावाजवळच्या हायस्कुलात नवीन लागलेला मास्तर. बाबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, आई मालवणच्या बाजारात मासे विकायला. तिच्या त्या टोपलीवर मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिलाच. कॉलेजात एक सर शनिवारी दुपारी टीव्हीवर आम्हाला चांगले सिनेमे दाखवत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, पण त्या शनिवारांतून मी एकच गोष्ट पक्की शिकलो. चांगल्या सिनेमाच्या शेवटी एक माणूस पाठमोरा चालत दूर जातो. कोणी रस्त्यावरून जातो, कोणी शेतातून, पण जातो, आणि पाठमोरा जातो. आपल्याकडे तर एवढी लांबलचक वाळू पडलेली! पाठमोरं जायला याहून चांगली जागा जगात कुठे असेल, असं मला तेव्हापासून वाटत होतं.

मग त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत फोटोग्राफरने मला त्याच्या दुकानात बोलावलं. कॅमेऱ्याला एक वायर जोडली, वायर कॉम्प्युटरला जोडली, आणि कॅसेटवरचं कोणाचं तरी लग्न कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलं. त्याने माउसने नवरी उचलली आणि नवऱ्याच्या आधी ठेवली. मग वरात आधी आणि अक्षता नंतर.

"बघ," तो म्हणाला, "कात्री नको, डिंक नको. माणूस खंयचोय उचल आणि खंयय बसय."

"म्हणजे आपण सिनेमा करू शकतो?"

"लग्नय सिनेमोच रे. फक्त हीरो दर टायमाक नवीन."

त्या दिवशी दुकानातून बाहेर पडून मी बंदरापर्यंत धावत गेलो होतो. का, ते सांगता येत नाही. वय तसं होतं आणि बातमी तशी होती. सिनेमा मुंबईत होतो, तिथे मोठी माणसं असतात, मोठे दिवे असतात, हे लहानपणापासूनचं ज्ञान त्या एका वायरने उडवून लावलं होतं.

गोष्ट मी रात्रीत लिहिली. एक रापणकार. आयुष्य दोर ओढण्यात गेलेलं. मोठ्या ट्रॉलरांनी समुद्र खरवडून नेल्यापासून जाळं रिकामं येतंय. एका दिवशी तो ठरवतो, ही शेवटची रापण. सगळे मिळून ओढतात, जाळं रिकामं येतं, तो दोर वाळूत टाकतो आणि मुंबईला नोकरीसाठी निघतो. अर्थात पाठमोरा.

रापणकाराचं काम आरोंद्याकडचा एक दशावतारी नट करणार होता. जन्मभर राजाच्या भूमिका केलेला, म्हणून सगळे त्याला राजाच म्हणत. स्वभावाने देवमाणूस, पण त्याचा आवाज देवळासमोरच्या मैदानात शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचायला घडवलेला. कॅमेरा हातभर अंतरावर. मी म्हणायचो, "राजा, हळू बोला. मनातल्या मनात बोलल्यासारखं."

"मनात बोललंय तर लोकांका ऐकाक कसां येतला?"

"माइक आहे ना. तो ऐकतो."

राजा मग आंबे काढायच्या काठीला बांधलेल्या त्या बोटभर माइककडे बघायचा आणि त्यालाच समजवायचा, "ऐक हां रे बाबा." आणि हळू आवाजात वाक्य म्हणायचा. त्याच्या हळू आवाजाने शेजारच्या आवारातल्या कोंबड्या उठायच्या.

दुसरी अडचण कॅमेऱ्याच्या बाजूला उघडणाऱ्या त्या छोट्या पडद्याची. एकदा फोटोग्राफरने गंमत म्हणून तो उलटा फिरवून राजाला त्याचा चेहरा दाखवला. झालं. त्यानंतर दुःखाच्या प्रत्येक प्रसंगाआधी राजाला आपली मिशी बघायची असे. वाडीतल्या बायकाही शूटिंगला येताना डोक्यात अबोलीचे वळेसर माळून यायच्या. चूल फुंकणाऱ्या बाईच्या डोक्यात वळेसर कसा, असं मी विचारलं तर उत्तर आलं, "मास्तरा, फोटोग्राफर इलो म्हणजे लग्नच. आमी तशाच बसू काय?"

या सगळ्यातून सिनेमा पुढे सरकत होता. दर दिवशी आम्ही दुकानात जाऊन घेतलेलं बघायचो, एकमेकांना गुद्दे मारायचो, चहा सांडायचो. आपलीच वाडी, आपलीच होडी, पण पडद्यावर आली की अशी काही दिसायची की जणू आम्ही तिला कधी पाहिलंच नव्हतं.

राहिला होता शेवट. रिकाम्या जाळ्याचा.

त्याबद्दल मी निश्चिंत होतो, कारण आठवडाभर खऱ्या रापणीलाही केर आणि चार शिंपल्या याशिवाय काही येत नव्हतं. वाडी तोंड पाडून बसली होती. एकटा मी खुशीत. कधी नव्हे तो समुद्र माझ्या पटकथेप्रमाणे वागत होता. शूटिंगसाठी एकदा जाळं टाकाल का, असं रापणीच्या मंडळींना मी विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, "जाळां टाकूचांच आसा तर खरां टाकूया. खोटी रापण कोण ओढता?" मला तेच हवं होतं. खरं जाळं, खरी माणसं, खरा रिकामा समुद्र.

दुपार कलल्यावर सगळे किनाऱ्यावर जमले. होडीत जाळं भरलं. फोटोग्राफरने स्टँड लावला, कॅसेटमध्ये उरलेली जागा तपासली आणि मला म्हणाला, "मास्तर, पुरी कॅसेट बाकी नाय. ह्याच्यात काय तां गावूक होयां." मी मान हलवली. राजाने मिशी बघून घेतली.

आता आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. घराचा पाया असो, नाटकाचा पडदा असो की नवीन मोटरसायकल असो, कोणी तरी वडीलधारा देवाला हाक मारून सगळं सांगतो, मागणं मागतो, आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला एका आवाजात 'होय महाराजा' म्हणतात. रापणीतले सगळ्यात जुने गृहस्थ, ज्यांना आम्ही आजो म्हणायचो, ते पुढे आले. त्यांनी टोपी काढली, नारळ हातात घेतला आणि समुद्राकडे तोंड केलं. मी फोटोग्राफरला खूण केली, हेही घे. शूटिंगचं गाऱ्हाणं! मला भरूनच आलं.

"बा देवा महाराजा," आजो म्हणाले, "आज ही सगळी पोरां तुझ्या दारात एक ठिकाणी जमली आसत."

"होय महाराजा!"

"ह्या मास्तरान जां काय काम हातात घेतल्यान हा, तेका यश दी रे महाराजा."

"होय महाराजा!" मी सगळ्यांत मोठ्याने.

"कोणाची वाकडी नजर आसात तर ती बाजूक कर."

"होय महाराजा!"

"आणि आठ दिस पोरांच्या हाताक काय लागाक नाय, तर आज तरी ही रापण काठोकाठ भरान येवंदे, सगळ्यांका वाटो गावंदे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

मी म्हटलं. मनापासून, हात जोडून, डोळे मिटून म्हटलं. राजाने तर असं म्हटलं की माइकची काठी धरलेल्या माणसाने ती खाली घेतली. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, होडी पाण्यात गेली, आणि खोबऱ्याचा तुकडा दाताखाली असतानाच माझ्या लक्षात आलं की मी आत्ता देवाकडे काय मागितलं. मग मी स्वतःशीच हसलो. मी पदवीधर माणूस. समुद्राला काय कळतं!

होडी अर्धं वर्तुळ घालून परत आली. दोराच्या दोन्ही टोकांना माणसं लागली. त्यातल्या एका दोराला, सगळ्यांच्या पुढे, राजा. मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून ओरडू लागलो.

"ओढा! राजा, चेहरा थकलेला! तुम्हाला माहीत आहे आत काही नाही!"

राजाने चेहरा थकवला. सुंदर थकवला, अगदी हळू आवाजातला चेहरा. मला वाटलं, अखेर जमलं! वाळूवर पावलं रुतत होती, पाठी वाकत होत्या, ऊन बाजूने येत होतं. कॉलेजातल्या सरांनी हे बघायला हवं होतं.

"जड लागतां रे," मागून आजो म्हणाले.

"केर असतलो," बाबा म्हणाले.

"केर असो ओढता? माका शिकवतंस?"

मी ओरडलो, "बोलू नका! दुःख! सगळ्यांनी दुःख!"

तेवढ्यात आभाळात घारी दिसल्या. आधी एक, मग थवाच. जाळ्याच्या वरच घिरट्या. बाबांनी वर बघितलं आणि माझ्या सिनेमातल्या दुःखी रापणकाराच्या शेजारी उभा असलेला दुसरा दुःखी रापणकार, म्हणजे माझे बाबा, गालातल्या गालात हसले. मी ते पाहिलं.

"बाबा, हसू नका! राजा, तुम्ही इकडे बघा!"

पण राजा माझ्याकडे बघत नव्हता. पाणी गुडघ्याएवढं असतानाच जाळ्याच्या आत उकळी फुटली. आधी काळसर निळं, मग एकदम सगळं चांदीसारखं लखलखलं. बांगडे! जिवंत, तडफडणारे, एकमेकांवर उड्या घेणारे बांगडे, जाळ्याची खोळ फाटेल की काय इतके.

राजाने दोर सोडला नाही. पण आठवडाभर मी त्याच्या छातीत दाबून ठेवलेला आवाज त्याने सोडला. "आ हा हा हा!" राक्षस मारल्यावर राजा जसा हसतो, तसा तो हसला आणि दोर धरून जागच्या जागी नाचू लागला. वळेसर माळलेल्या बायका टोपल्या घेऊन धावत आल्या. मी हात उंचावून "कट! कट!" म्हणत होतो, आणि शेजारचा एक मुलगा हसून खाली पडत होता, कारण माझ्या पायांवरून बांगडे उड्या मारत चालले होते आणि मी प्रत्येक उडीबरोबर एक पाय वर करत होतो.

"कॅमेरा बंद कर!" मी फोटोग्राफरला म्हटलं. "कॅसेट वाया जातेय!"

त्याने ऐकलंच नाही. लग्नाचा हात तो. गर्दी आणि आनंद एकत्र दिसला की त्याचा कॅमेरा आपोआप एकेका चेहऱ्यावर जायला लागतो. कोणाचा चेहरा सुटला तर लोक बिल देत नाहीत, असं त्याचं शास्त्र. त्याने आजोंचा चेहरा घेतला, बाबांचा घेतला, सगळ्या बायकांचा वळेसरांसकट घेतला, माझाही घेतला.

मग वाटे पडू लागले. रापणीचा कायदा साधा आहे. दोराला ज्याचा हात लागला, त्याला वाटा. राजाला वाटा मिळाला. माइकवाल्याने शेवटी काठी टाकून दोर धरला होता, त्याला मिळाला. फोटोग्राफरपाशी मंडळी अडली.

"ह्यान दोर खंय धरल्यान?"

"माजो कॅमेरो जाळ्यातच होतो, बघितलास नाय?" फोटोग्राफर म्हणाला. "पाच वेळा पुसलंय पाणी."

"मग कॅमेऱ्याक वाटो द्या," आजो म्हणाले. "आणि मास्तराकय घाला चार. नुसतो आरडत होतो, पण घसो दुखलो असतलो."

सगळे हसत होते आणि मी वाळूवर बसलो होतो. शेवट गेला. सूर्य खाली चालला होता. उद्या तुळशीचं लग्न. मी उठून आजोंसमोर उभा राहिलो.

"आजो, अजून उजेड आहे. एकदा परत टाकूया. फक्त एकदा. आणि या वेळी…"

"ह्या टायमाक काय?"

माझ्याने ते म्हणवेना, पण म्हटलं. "या वेळी रिकामं यायला हवं."

हसणं थांबलं. आई टोपली भरत होती. ती कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली.

"काय म्हणालंस? परत म्हण."

"आये, सिनेमासाठी गो…"

"तुझ्या बापाशीच्या जाळ्यात मासो येव नये, म्हणान देवाक सांगूचां? कोण सांगतलो? तू सांगतलंस? सांग बघूया, हयच उभो रव आणि सांग. आमी म्हणतंव होय महाराजा."

मी देवाकडे बघितलं नाही, समुद्राकडेही नाही. खाली बांगड्यांकडे बघितलं. आणि खरं सांगतो, मलाच हसू फुटलं. आई तोंड घट्ट धरून होती, पण तिच्या नाकपुड्या हलायला लागल्या. बाबा पाठमोरे होऊन हसत होते. संपूर्ण शूटिंगमध्ये मला मिळालेला तो एकमेव पाठमोरा माणूस.

"पण मग राजा मुंबईला कसा जाणार?" मी कळवळून विचारलं. "शेवट काय करू?"

राजा वाट्याचे बांगडे झावळीच्या पातीत ओवत होता. एकेकाच्या गालफडातून पात काढत, मन लावून. त्याने ती भरलेली जुडी उचलून नाकासमोर धरली.

"मास्तरांनू," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच तो मला हवा होता तेवढ्या हळू आवाजात बोलला, "असले बांगडे हातात आसताना खंयचो माणूस मुंबयक जातलो? आदी घराक जातलो."

मी फोटोग्राफरकडे वळलो.

"कॅसेट किती उरली?"

"थोडी."

"घर कोणाचं?"

"कोणाचां म्हणजे?" आई म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेतली. "वाटण तयार आसा. चला."

आम्ही धावलो. पुढे आई, मग बांगड्यांची जुडी झुलवत राजा, त्याच्या मागे कॅमेरा खांद्यावर घेतलेला फोटोग्राफर, त्याच्या मागे मी, माझ्या मागे अर्धी वाडी. वाटेत फोटोग्राफरने राजाला माडांच्या मधून येताना घेतलं, समोरून, हसत येताना. हसू नको असं सांगायचं माझ्या तोंडातही आलं नाही.

घरी पोचलो तर वीज गेलेली. लग्नातला तो मोठा दिवा आणला होता, त्याचा उपयोग नव्हता. फोटोग्राफरने मागचं दार सताड उघडलं. पश्चिमेचा सगळा तांबूस उजेड स्वयंपाकघरात आला, चुलीच्या धुरातून तिरका होऊन आईच्या हातांवर पडला. असा उजेड मी कुठून आणला असता? तो रोज त्या वेळी तिथे येतच होता. मी मात्र त्या वेळी बाहेर असायचो.

मी आईला म्हटलं, तू रापणकाराची बायको आहेस, नवरा मुंबईला जाणार होता, तो परत आलाय, तुला आश्चर्य वाटतं.

"तेका भूक लागली काय नाय तां सांग," आई म्हणाली.

"लागली," राजा म्हणाला.

"मग आदी जेवण, आश्चर्य मागीर."

बाकी काही सांगावं लागलं नाही. तिरफळं घातलेलं बांगड्याचं कालवण उकळलं, चार तुकडे तव्यावर गेले, पाट मांडले गेले. राजा मांडी घालून बसला आणि पहिल्या घासाला त्याने डोळे मिटले. माझा सिनेमा पुरा होत होता, माझ्यासमोर, वासासकट. फोटोग्राफर गुडघ्यावर बसून घेत होता. आईने त्याच्यापुढेही ताट ठेवलं.

"काकी, वाईच थांब. चालू आसा."

"तां खाली ठेव आणि जेव. निवता."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. सकाळपासून दोघांच्याही पोटात चहा आणि त्या खोबऱ्याच्या तुकड्याशिवाय काही नव्हतं. त्याने कॅमेरा अलगद तांदळाच्या डब्यावर ठेवला, बंद न करता, आणि ताटावर बसला. मीही बसलो.

आमच्या सिनेमाचा शेवट तो आहे. चित्र थोडं तिरपं आहे. एका बाजूला राजाचं ताट आणि त्याचा जेवणारा हात, दुसऱ्या बाजूला माझा गुडघा, मध्ये उघडं दार आणि दारात एक कोंबडी, आत यावं की नको या विचारात. कोणी अभिनय करत नाही, कोणी काही सांगत नाही. नुसता जेवणाचा आवाज, आणि थोड्या थोड्या वेळाने आईचा हात पळीसकट चित्रात येतो आणि विचारल्याशिवाय वाढून जातो. राजा एकदा "पुरे" म्हणतो, हात तरीही येतो. मग मी कशाला तरी खो खो हसतो. कशाला, ते कॅसेटवर ऐकू येत नाही आणि मला आठवत नाही. कॉम्प्युटरवर बसलो तेव्हा फोटोग्राफरने विचारलं होतं, हे कुठे तोडू? मी म्हटलं, तोडू नको. चित्र कॅसेट संपते तिथे संपतं. त्याच्या जरासं आधी उजेड कमी होतो, राजाचा हात ताटावर थांबतो, आणि चित्राबाहेरून आई म्हणते, "काटो बघान खा रे."